बिनक्रुसाची भाकर

निम्मे गोळे वळून झाले होते, निम्मी कणीक अजून ओल्या फडक्याखाली फुगत होती, तेवढ्यात दिम्यानाचा हात थांबला. गल्लीतून मोटरसायकल गेली. तिचा आवाज कालव्यापलीकडे विरेपर्यंत ही श्वास धरून बसली.

"अगं, फटफटी होती ती," सासूबाई इस्तीर बाजेवरून म्हणाल्या. "फटफटीलाही भ्यायला लागलीस तर माझ्या लेकानं दाराला कड्या लावायच्या तरी किती?"

दिम्याना मुळातच भित्री. लग्न होऊन इजिप्तमधल्या मिन्या शहराजवळच्या या गावात आली त्याला बरीच वर्षं झाली, तरी रात्री कडी लावली की पुन्हा उठून ती चाचपायची. सकाळी चूल पेटवताना देवाला त्याच्याच वचनाची आठवण करून द्यायची: तू सांभाळीन म्हणालास, तेव्हा आजचा दिवस सांभाळ. मग कामाला लागायची. इतकी वर्षं तेवढं पुरलं होतं.

गेल्या आठवड्यात मात्र गल्लीच्या टोकाच्या घरी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमली म्हणून जमावानं त्या घरावर दगडफेक केली. त्या गर्दीत शेजारचा सलामा होता. दिम्यानानं खिडकीच्या फटीतून त्याला पाहिलं होतं. आणि आज मिखाएल दूताचा सण. दूताच्या नावानं भाकरी करायच्या, प्रेषितांचा उपास म्हणून तुपाऐवजी तेल घालायचं, वर लाकडी ठशानं क्रूस उठवायचा आणि शेजारी वाटायच्या. शेजारी ख्रिस्ती असो की मुसलमान, भाकर जायचीच. पहिली भाकर सलामाच्या आईची. दिम्यानाची लेक यूस्तीना जन्मली तेव्हा मुठीएवढी होती, तिला छातीशी धरून त्या बाईनं जगवलं. तेव्हाच दिम्यानानं तसा नवस केला होता.

"आई, यंदा नाही गेलं तर?"

"नवस दूताशी केलास का सलामाशी?"

"मला भीती वाटते."

"वाटणारच. भिऊ नको असं देव भिणाऱ्यालाच सांगतो. न भिणाऱ्याला कशाला सांगेल?" म्हातारीनं माशी हाकलली. "जा. पहिली भाकर भाजून घे आणि नीघ."

पहिल्या भाकरीचा गोळा दिम्यानानं थापला, पण त्याच्यावर ठसा उठवायला तिचा हात धजेना. क्रूस उघडा घेऊन त्या दारात कसं जायचं? बिनठशाचीच भाकर भाजून, फडक्यात गुंडाळून ती निघाली. दोन दारांचं अंतर, पण दर पावलाला ती मागे वळून बघत होती. कोपऱ्यावरची माणसं तिला बघून बोलायची थांबली.

सलामाच्या आईनं दार किलकिलं केलं, तिला पटकन आत ओढलं आणि फडकं उलगडलं. तिचा चेहरा उतरला.

"दूताचा शिक्का कुठंय?"

"राहिला यंदा."

"राहिला?" बाईचा आवाज चिरकला. "कधी राहतो का तो? आम्हाला दूताच्या वाट्यातून काढलंस तू. उरलेल्या कणकेची भाकर आणलीस, भिकाऱ्याला देतात तशी. सरळ सांग ना, आता शेजार संपला म्हणून!"

"नाही हो, ताई! तसं नाही."

"मग कसं?"

"मी भ्याले."

"कुणाला? मला?"

"सलामाला."

आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. पडदा सरला आणि सलामा दारात उभा राहिला. दिम्यानाची पाठ भिंतीला टेकली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघतच म्हणाला, "मावशी, तुमची यूस्तीना कुठंय?"

"का? तिचं काय?"

"कुठंय ते सांगा."

"चर्चमध्ये. शुक्रवारच्या वर्गाला."

"घेऊन या तिला. नमाज सुटला की पोरं दगड घेऊन तिकडे जाणार आहेत. मी जाणार नाही. पण बाकीची जाणारच."

"मेल्या, हे आत्ता सांगतोस?" आई त्याच्या अंगावर धावली. "पाद्र्याला फोन लाव! लाव म्हणते ना!"

सलामा फोन शोधायला वळला. ज्या दारापासून देवानं आपल्याला वाचवावं असं दिम्याना आठवडाभर विनवत होती, त्याच दारातून त्यानं तिला सावध केलं होतं. ती घरीच बसली असती तर? पुढचं तिच्यानं मनातही आणवेना. भीती कणभरही कमी झाली नव्हती, उलट आता त्या भीतीला पोरीचा चेहरा आला होता. "प्रभू, तू म्हणाला होतास," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

सलामाच्या आईनं खुंटीवरची काळी शाल ओढली आणि पायात चपला सरकवल्या.

"तुम्ही कुठं निघालात?"

"तू वाटेत फटफटी बघून बसकण मारशील. चल."

आणि दोघी यूस्तीनाला चर्चमधून आणायला निघाल्या.