किलर लातूर

वयाच्या पन्नाशीला मी बंदूक चालवायला शिकलो, ती पोटच्या पोराला डॉक्टर करण्यासाठी.

बंदूक मोबाइलमधली होती, हे लगेच सांगितलेलं बरं. (आमच्या नांदेडात असलं वाक्य अर्धवट सोडून चालत नाही. लोक चहाला बोलावून चौकशी करतात.) मी शाळेत मराठी शिकवतो. आमचे चिरंजीव ओंकार बारावीला लातूरला. आणि ज्याचं पोरगं लातूरला त्याची बायकोही लातूरला, हा आमच्याकडचा रिवाज! पोरगं दिवसभर क्लासला जातं, आई भाड्याच्या एका खोलीत गॅस, पलंग आणि देवाचा फोटो मांडून त्याचा डबा करते, आणि बाप गावाकडं एकटाच करपलेली खिचडी खात भेटेल त्याला सांगतो, "आमचा मुलगा लातूरला आहे!" लंडनला असल्यासारखं.

संक्रांतीला माझी बायको सुनंदा दोन दिवस घरी आली होती. ती अंघोळीला गेली असताना ओट्यावरचा तिचा फोन वाजला. मी सहज बघितलं. पडद्यावर अक्षरं होती : "किलर लातूर, तुझी टोळी तुझी वाट पाहत आहे!"

माझ्या हातातलं तिळगुळाचं ताट पडायचं राहिलं. ओंकारकडं साधा बटणांचा फोन. म्हणजे हे कार्टं आईच्या फोनवर बंदुका चालवतंय! सुनंदाला विचारण्यात अर्थ नव्हता. आईचं काळीज, ती पोराला पाठीशी घालणारच. क्लासकडून रोज मला निरोप यायचा की आपला पाल्य हजर आहे. पण मी स्वतः शिक्षक आहे. हजेरी काय चीज असते, ते मला कुणी सांगू नये.

मग ठरवलं, गेममध्ये शिरायचं आणि त्याला आतूनच पकडायचं. अडचण भाषेची होती. मी नववीच्या वर्गात गेलो आणि साळसूद चेहऱ्यानं म्हणालो, "आज आपण बोलीभाषेचा अभ्यास करू. मोबाइलवर खेळताना तुम्ही काय काय शब्द वापरता?"

समास म्हटलं की माना खाली घालणारा तो वर्ग एकदम उसळला.

"सर, नूब! ज्याला काहीच येत नाही तो!"

"सर, कॅम्पर! एका जागी दबा धरून बसतो. बाकीचे लढून दमले की उठून गोळी घालतो!" (मला आमचे पर्यवेक्षक आठवले.)

"सर, एएफके! म्हणजे माणूस फोन ठेवून गेला, आणि गेममधला त्याचा गडी नुसताच खांबासारखा उभा!"

"सर, रिव्हाइव्ह! आपला गडी पडला की जवळ जाऊन त्याला उठवायचं, म्हणजे तो मरत नाही!"

पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढा जिवंत तास झाला नव्हता. माझे डोळे भरून आले. शेवटी मागच्या बाकावरनं एकानं विचारलं, "सर, तुमचा आयडी काय?" तेव्हा मी त्याला वर्गाबाहेर काढलं.

आयडी घेतला 'बिट्टू'. पोरसवदा वाटलं पाहिजे ना! गेम साधाच होता. विमानातनं बेटावर उडी मारायची, बंदूक शोधायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. टोळीत चौघं असतात. मी किलर लातूरला मैत्रीची विनंती पाठवली आणि त्यांना एक गडी कमीच पडत होता, त्यामुळं लगेच मला घेतलं. बाकीचे दोघं होते डेंजर बॉय आणि मिरची किंग. मिरचीचा बाजार म्हणजे धर्माबाद, म्हणजे तिथल्या कुण्या व्यापाऱ्याचं वाया गेलेलं पोरगं, हे मी तिथंच ओळखलं. आवाज ओळखू येईल म्हणून मी माइक बंद ठेवला. त्यांचेही बंदच असायचे. सगळं बोलणं टाइप करून.

पहिल्याच डावात मी विमानातून उडी मारली ती थेट एका छपरावर. खाली उतरायचं कसं, ते काही सापडेना. डाव संपेपर्यंत मी छपरावर.

पडद्यावर शब्द उमटला, "नूब."

पोटच्या पोरानं बापाला नूब म्हणावं! अंगाची लाही झाली. पण सोंग घेतलं की वठवावं लागतं. मी लिहिलं, "सॉरी भाई."

मग रोज दुपारी दोनला माझा मोकळा तास असायचा, तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत सांगाड्याच्या आडोशाला बसून मरू लागलो. कधी गोळीनं, कधी पाण्यात बुडून, एकदा तर स्वतःच्याच बॉम्बनं. पण खरं सांगतो, किलर लातूरनं मला कधी वाऱ्यावर सोडलं नाही! चहूबाजूंनी गोळ्या सुटत असताना तो रांगत यायचा आणि मला रिव्हाइव्ह करायचा. मला भडभडून यायचं. पोरगं वाया गेलं होतं, पण मनानं किती गुणाचं!

हळूहळू मी त्याला बोलतं केलं.

"अभ्यास नाही का भाई?"

"आपला कधीच संपला. गेला चुलीत."

"घरी कळलं तर?"

"कळणार कसं? नांदेडचा माणूस फोनवर एकच विचारतो, अभ्यास चालू आहे का. जेवण झालं का, हे आजवर एकदा नाही."

माझं डोकंच सणकलं. एवढी आई घरचा संसार सोडून डबा करायला तिथं बसलीय, आणि वर जेवणाची चौकशी मी करायची? बस्स! बारावी तोंडावर आली होती आणि कार्टं अभ्यास चुलीत घालून बसलं होतं. मी ठरवलं, खोली सोडायची, सामान भरायचं आणि माय-लेकरांना नांदेडला आणायचं. डॉक्टर नाही तर नाही.

हिमायतनगरहून मेहुण्याला, बालाजीला, त्याच्या शेतीच्या पिकअपसकट बोलावलं. मामाचा शब्द पोरं ऐकतात, आणि पलंगही उचलायचा होता.

वाटेत तो म्हणाला, "दाजी, पोराला हाणायचं न्हाई बरं का. मी समजावून सांगतो त्याला."

"तू समजावू नकोस. तू फक्त पलंग उचल."

बरोबर दोनला आम्ही लातूरच्या त्या गल्लीत पोचलो. खोलीच्या दारात उभं राहून मी फोनवर गेम लावला. किलर लातूर हजर! डेंजर बॉय हजर! मिरची किंग हजर! विमानातून चौघांनी उड्या मारल्या, आणि दाराच्या आतून हळूच टाइप केल्याचा आवाज आला, टिक टिक टिक टिक. रंगेहाथ! मी फोन तसाच चालू खिशात टाकला आणि चार पावलं मागं सरलो.

"दाजी, दार वाजवा की," बालाजी म्हणाला.

"वाजवलं की तो फोन लपवेल. कडी तोडतो."

इथं एक गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती. घरमालकीण कमलमावशी त्र्याण्णवच्या ऐन भूकंपातून वाचलेल्या. तेव्हापासून त्यांच्या इमारतीत दोन नियम. एक, दिवसा कुणीही आतून कडी लावायची नाही. दोन, कुणी 'भूकंप' म्हणून ओरडलं की काही न विचारता गल्लीत पळायचं. सुनंदानं हे मला फोनवर सांगितलंही असेल. मी तेव्हा ओंकारच्या मार्कांबद्दल विचारत असणार.

मी खांदा पुढं करून दारावर झेप घेतली. दारानं काही विरोधच केला नाही! मी सरळ आत, आणि समोर स्टीलच्या डब्यांची मांडणी. पुढचं मला फक्त ऐकू आलं. डाळीचा डबा, तांदळाचा डबा, पोह्यांचा डबा, परात, आणि शेवटी कणकेचा सगळ्यात मोठा डबा, तो माझ्या डोक्यावर.

"भूकंप!" एक म्हातारा आवाज किंचाळला. "पळा गं!"

माझ्या पाठीवर पाय देऊन तीन जणी बाहेर पळाल्या. मग वरच्या मजल्यावरून पोरं धडाधड उतरली. कुणी टॉवेलवर, कुणी डोक्यावर फिजिक्सचं पुस्तक धरून. शेजारची इमारत रिकामी झाली, तिच्या शेजारची झाली, आणि भूकंप शेवटी गल्लीच्या टोकाला ओंकारच्या क्लासपर्यंत पोचला.

मी कणकेनं पांढराफटक होऊन बाहेर आलो. सुनंदा अनवाणी उभी होती. हातात फोन.

"अगं बाई! अहो! तुम्ही कधी आलाव?"

"ओंकार कुठाय?"

"क्लासला. आनखी कुठं असणार?"

"मग गेम कोण खेळतंय?"

ती काही बोलणार एवढ्यात कमलमावशींनी हातातल्या फोनकडं बघून कपाळ बडवलं. "मेलो गं! सगळेच मेलो! सुनंदा, बघ तुझा तो बिट्टू! आपल्यावर गोळ्या पडायल्यात आणि हा नूब एएफके हुबा हाय!"

माझ्या खिशात धडाधड गोळीबार चालू होता. सुनंदाची धर्माबादची शेजारीण, शोभाताई, सावकाश माझ्या पँटीकडं वळली.

"मावशी, आवाज हिकडून यायलाय."

सुनंदा माझ्याकडं बघत राहिली. लग्नाला वीस वर्षं झाली, पण चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तिनं कटाक्षानं पाळलेलं. आज पहिल्यांदा तिनं मला नावानं हाक मारली.

"बिट्टू?"

मी मान खाली घातली. डोक्यावरची कणीक जमिनीवर पडली.

"म्हंजे भूकंप ह्यांनी केला व्हय?" कमलमावशी कडाडल्या. "खरा भूकंप बघितलाय मी, पर त्याला बी एवढी अक्कल होती! पोरांची परीक्षा तोंडावर आल्यावर न्हाई आला तो!" भूकंप नाही, असं कळल्यावर टॉवेलवाली पोरं 'नूब! नूब!' करत एवढ्या निराशेनं जिना चढली की मला त्यांची माफी मागावीशी वाटली.

तेवढ्यात ओंकार धापा टाकत आला. "मम्मी! भूकंप झाला म्हणे!"

"न्हाई रे. तुझे पप्पा आले."

"सगळे पप्पांना नूब का म्हणायलेत? नूब म्हंजे काय?"

त्या अख्ख्या गल्लीत तो शब्द माहीत नसलेला माझा मुलगा एकटाच होता. पोरगं खरंच अभ्यास करत होतं! बालाजीनं त्याला जवळ घेतलं आणि माझ्याकडं असं काही पाहिलं की पिकअपखाली जाऊन झोपावं.

"त्ये सकाळी जातंय त्ये अंधार पडल्यावर येतंय," सुनंदा म्हणाली. "पोरं अभ्यास करत्यात म्हणून दिवसभर इथं मोठ्यानं खाकरायचं बी न्हाई. कुकरची शिट्टी झाली तर बेजार हून जातो जीव. बोलू कुणासंग, भिंतीसंग? मावशीनं शिकवलं म्हणून दुपारचं तेवढं बरं जायलंय. तुम्ही कधी इच्यारलं का, मी कशी हाय?"

मला खरोखर वाईट वाटलं. छपरावर अडकलेल्या अनोळखी बिट्टूसाठी ही बाई गोळ्या खात होती, आणि मी महिनाभर तिच्याविरुद्ध पुरावे गोळा करत होतो. भर गल्लीत मी विचारलं, "जेवलीस का?"

"आता इच्यारता व्हय? पीठ समदं तुमच्या अंगावर हाय की!"

गल्ली पोट धरून हसली. सुनंदाही हसली, म्हणून मीही हसून घेतलं. "दाजी, मग पलंग उचलू का?" बालाजीनं विचारलं, तेव्हा त्याला मी चक्कीवर पिटाळलं. मांडणी मी स्वतः लावली आणि संध्याकाळी रिकामा पिकअप घेऊन आम्ही परतलो.

त्यानंतर तिच्या टोळीत मला जागा राहिली नाही. मी मात्र रोज फोन करू लागलो, आधी जेवणाची चौकशी, मग बाकीचं. आठवड्याभरानं ती म्हणाली, "अहो, खेळता का परत?"

माझा ऊर भरून आला. "तुझ्या टोळीत?"

"न्हाई. पलीकडच्या गल्लीतल्या बायकांची टोळी हाय, त्यांना एक गडी कमी पडायलाय. आमचा सामना हाय त्यांच्यासंग."

"म्हणजे तुझ्याविरुद्ध?"

"हाव. मावशीनंच तुमचं नाव सुचवलं. कायबी करून ह्यांना तिकडं घुसव, म्हणाल्या." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "फकस्त तुम्ही कोण हाव, त्ये तिकडं सांगू नका. त्या काय खुळ्या न्हाईत, कळलं तर घेणार न्हाईत."