सीटवालीचे अकरा तास

परदेशातला भाऊ म्हणाला पोचायला दीड दिवस लागेल, आणि मोबाइल म्हणाला अकरा तास, तर तुम्ही कुणाचं खरं मानाल? उत्तराची घाई करू नका. आधी गॅरेजच्या गल्लीतल्या सीटवालीचं ऐका.

गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवून तिने धाकट्या भावाला शिकवलं, परदेशी धाडलं. गल्ली तिला फौजदार म्हणते, तेही तोंडावर. दुकानदाराने मोजून दिलेलं रेक्झिन ती त्याच्यासमोर पुन्हा मोजणार. गिऱ्हाइकाने घरून माप आणलं की तिचं ठरलेलं: "टेप सरळ ताणून धरलीस ना? सीटला खड्डे असतात, बाबा. टेप त्यांत उतरली नाही तर कव्हर तोकडं पडतं." आपल्याला कुणी बनवू शकत नाही, अशी तिची घमेंड होती.

एका संध्याकाळी आई बाथरूममध्ये घसरली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उद्या सकाळी करू. फार तर परवा, त्यापुढे मी थांबणार नाही. आईने हट्ट धरला, लेकाला बघीन आणि मगच आत जाईन. भावाला फोन गेला. निघतोच, म्हणाला, पण दीड दिवस धर.

फौजदारणीच्या मनात पाल चुकचुकली. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून तिने दोन्ही शहरांची नावं मोबाइलमध्ये घातली. अंतर नऊ हजार किलोमीटर, विमानाला अकरा तास. मग उरलेला दिवस कुठे मुरला? तिने पुन्हा फोन लावला, तर बंद. वहिनीला लावला. ते केव्हाच निघाले, ताई, असं वहिनी म्हणाली. पढवलेला पोपट, हिने मनात म्हटलं. पहाटे त्याचाच फोन आला. मागे नुसता कलकलाट. विमान बदलायचंय, सात तास इथेच बसायचंय, म्हणाला.

"सात तास? बसस्टँडवर भिकारीसुद्धा इतका बसत नाही. थापा मारायच्या तर नीट मार," म्हणत तिने फोन आपटला.

आत जाऊन आईला सांगितलं, "तो निघालेलाच नाही. उगाच वाट बघू नकोस."

आईने भिंतीकडे तोंड केलं, आणि सकाळी मुकाट आत गेली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, बोलला होता त्याच वेळेला, भाऊ वॉर्डाच्या दारात उभा. पाय इतके सुजलेले की बूट हातात. त्याच्या शहरातून इकडे सरळ विमानच नव्हतं. दोनदा बदलत, आडवाटेने आला होता.

आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग लेकीकडे बघून हळूच म्हणाली, "काल टेबलावरच गेले असते, तर लेक आला नाही, असं समजून गेले असते."

सीटवालीची मान वर होईना. अकरा तास म्हणजे सरळ ताणलेली टेप. वाटेतले खड्डे तिने मोजलेच नव्हते. ज्या वाटेने एकही विमान जात नाही तिचे तास बेधडक दाखवणाऱ्या मोबाइलला तिने जाब विचारला नाही. विचारला सख्ख्या भावाला.

तुमचंही कुणी लांबून निघालं असेल, तर त्याला खोटं पाडण्याआधी एवढं विचारा: बाबा रे, वाटेत कुठे कुठे थांबायचंय तुला?