चार नंबरचा पाय

पहिला फटका पाठीत बसला आणि मी ओळखलं, हा चार नंबर.

ओळखणारच. मीच काढला होता तो. खुर्चीचा मागचा डावा पाय. सागवानी. खाली जाड, वर निमुळता, मध्ये किंचित कललेला. बसणाऱ्याच्या पाठीला आराम पडावा म्हणून कल दिला होता. माझ्या पाठीत तो बरोबर बसला. माप चुकलं नव्हतं.

हसा. हरकत नाही. मीसुद्धा हे सांगताना हसतो. माझा उजवा कोपर तेवढा हसत नाही. तो तेव्हापासून पुरता सरळ झालेला नाही.

जागा, निपाणी. तंबाखूच्या एका बड्या व्यापाऱ्याची माडी. त्याला सगळे धनी म्हणत. फटका मारणारा धन्याचा थोरला मुलगा. आणि फटक्याच्या आधी धनी जे बोलला ते शब्दाला शब्द सांगतो.

"म्हाराचं ढुंगण माझ्या खुर्चीवर? ऊठ. आन अंगातला सदरा काढून पूस ती."

आता पहिल्यापासून ऐका.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बेळगावात एका फर्निचरच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. आयटीआय केलेला. पिरनवाडीत खोली घेतली होती, तिथून सायकल. मालकानं बंगलोरहून कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, थंड हवेचं यंत्र बसवलं. भुसा आत जाऊ नये म्हणून चपला दाराबाहेर. मालकाच्या घरच्या देवाला नसेल एवढं सोवळं! आणि त्या सोवळ्यात कोण बसलेलं? मी. मालकाचा भाचा हे काम शिकायला म्हणून बंगलोरला गेला होता. तो तिकडंच रमला. मग मालक म्हणाला, "बस तूच. मोडलंस तर बघ."

काळ्या पडद्यावर मी पहिली हिरवी रेघ मारली.

काम असं होतं. खुर्ची सुटी करून काढायची. बैठक, पाय, पट्ट्या, हात, पाठ, सगळे भाग हवेत लटकल्यासारखे, एकमेकांपासून लांब. प्रत्येकाला एक रेघ, रेघेच्या टोकाला गोल, गोलात नंबर. त्या गोलाला आम्ही फुगा म्हणायचो. एक नंबर बैठक. दोन आणि तीन पुढचे पाय. चार आणि पाच मागचे. मापं टाइप करायची आणि वाट बघायची. चित्र पुन्हा उमटेपर्यंत मेस्त्री बाहेर जाऊन विडी ओढून यायचे. पण उमटलं की बघत राहावं असं. एक पाय काढला की तोच उलटा करून दुसरा. मला वाटायचं, हे यंत्र शहाणं आहे. आकडा टाकला की रेघ देतं. आकडा कुणी टाकला ते विचारत नाही.

मेस्त्री म्हणजे आमचे सुतार. वयानं वडिलांच्या जागी. त्यांचा एक नेम होता. खुर्ची जोडून झाली की तिच्यावर पहिला बसणार तो ती करणारा. गिऱ्हाईक नंतर. म्हणायचे, "डुगडुगली तर ते आपल्या ढुंगणाला आधी कळाय पायजे. गिऱ्हाइकाच्या न्हवं." मी ड्रॉइंग काढायला लागल्यापासून हा मान त्यांनी मला दिला होता. प्रत्येक खुर्चीवर पहिला मी. इकडं रेलायचं, तिकडं रेलायचं, चारही पाय जमिनीला टेकतात का बघायचं. मग मेस्त्री मान हलवणार.

आणि एक दिवस निपाणीच्या धन्याचं काम आलं. लेकीच्या साखरपुड्यासाठी सहा मोठ्या खुर्च्या.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? माझी आई त्याच धन्याच्या वखारीत तंबाखू निवडायची. मी रांगत होतो तेव्हापासून. वखार धन्याच्या घराच्या मागं, घर पुढं, मध्ये एक जिना. घरी गेलो तेव्हा तिला सांगितलं, धन्याच्या खुर्च्या मी काढल्यात, बसवायलाही मीच येणार. ती म्हणाली, "त्येंच्या माडीवर मी कधी गेलेली न्हाई रं. कसं हाय ते बघून ये. मला सांग."

जिना अरुंद. म्हणून खुर्च्या सुट्याच नेल्या, टेम्पोतून, प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर. माडीवर सतरंजी अंथरून मी नंबर सांगत गेलो आणि मेस्त्री ठोकत गेले. पाच उभ्या राहिल्या. सहावी सतरंजीवर सुटी पडली होती. मेस्त्री कपाळ पुसत म्हणाले, "दम घेऊ जरा. तवर तू बसून बघ."

मी पहिलीवर बसलो. रेललो. झकास. भिंतीवरचं घड्याळ, छताची काचेची हंडी, गालिचा, सगळं बघून घेतलं. आईला सांगायचं होतं ना.

तेवढ्यात धनी आत आला. मागं मुलगा.

"ह्यो कोण?"

मेस्त्री म्हणाले, "ह्येनंच काढल्यात खुर्च्या, धनी. कॉम्प्युटरवर."

"वा रं वा! हुशार दिसतंय पोरगं. गाव कुठलं?"

"निपाणीच," मी म्हणालो.

"निपाणी? कुणाचा रं तू?"

इथं शहाणी माणसं खोटं बोलतात. मी आनंदात होतो. बसल्या बसल्या म्हणालो, "आई तुमच्याच वखारीत हाय, धनी. निवडायला." आणि नाव सांगितलं.

वीज गेल्यावर खोली जशी होते, तसा त्याचा चेहरा झाला. मग ते वाक्य. सदरा काढून पूस.

सांगायला लाज वाटते, पण मी उठलो. माझ्या आधी माझे गुडघे उठले. त्यांना ती सवय माझ्यापेक्षा जुनी होती. मी सदऱ्याचं पहिलं बटण काढलं. मेस्त्रींकडं बघितलं. ते सतरंजी बघत होते. दुसरं बटण काढलं.

तिथंच थांबला असता तर धनी जिंकला होता. पण माणसाला आपलं भाषण आवडतं. तो म्हणाला, "तुझ्या आईचा जलम गेला माझ्या वखारीत. कधी ह्या जिन्याला पाय लावला न्हाई तिनं. आन तू?"

कसं हाय ते बघून ये. मला सांग.

तिसऱ्या बटणावर हात थांबला. मी दुसरं परत लावलं. पहिलं लावलं. आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसलो.

"अजून बघायच्यात, धनी," मी म्हणालो. "डुगडुगल्या तर आमचं नाव जाईल."

मुलानं सतरंजीवरचा पाय उचलला. चार नंबर.

पहिला फटका पाठीत. दुसरा खांद्यावर. मी खुर्चीवरून घसरलो तो तिसरीच्या पायाशी. तिचा हात धरला. आठ नंबर. मजबूत निघाला, माझं सगळं वजन पेललं. त्याला धरून वर चढलो आणि बसलो. ओरडलो, "ही बी डुगडुगत न्हाई, मेस्त्री!"

"उतर, भडव्या!"

फटका मांडीवर. मी चौथीकडं सरकलो. नाटकात असतं तसं झालं बघा. तो मागं, मी पुढं, खुर्च्या मधे, आणि धनी ओरडतोय, "अरं हाण! खुर्चीला लागू दिऊ नगंस, त्याला हाण!" म्हणजे खुर्ची जपायची होती. चौथीवर बसलो आणि डोकं वाचवायला कोपर वर केला. फटका आला. कट् असा आवाज झाला. हात लटकला. कोपर गेला हे मला कळलं. आवाज एकाच वस्तूचा नव्हता, हे कळायला फार वर्षं लागली.

पाचवीवर मी पोटावरच पडलो. वळलो. बसलो. त्यानं तोंडावर मारलं. दात हलले, रक्त ओठावरून बैठकीवर ठिबकलं. एक नंबरवर.

सहावी सुटी. तिच्यावर बसता येईना. तिचा पाय माझ्यावर चालत होता.

धनी मुलाला म्हणाला, "थांब. ह्येच्या आईला आणा रं वर."

अशी माझी आई ती माडी पहिल्यांदा चढली. नाकातोंडाला फडकं बांधलेलं, भुवयांपर्यंत तंबाखूची धूळ. दारात थांबली. मला बघितलं.

"तुझं पोरगं माझ्या खुर्चीवर बसलंय," धनी म्हणाला. "तुझ्या हातानं मार. मग घिऊन जा."

आई पुढं आली. माझ्या मुस्काटात मारली. जोरात. तंबाखूचा वास आला. धन्याच्या मुलाच्या सगळ्या फटक्यांत मी दुखलं म्हणून ओरडलो नव्हतो. तेव्हा ओरडलो.

मग तिनं मला बगलेत धरून जिना उतरवला. फाटकाबाहेर आल्यावर तोंडावरचं फडकं सोडलं, माझ्या ओठाला लावलं आणि म्हणाली, "मी मारलं नसतं तर त्येंनी जित्ता सोडला नसता."

"व्हय."

"किती खुर्च्यांवर बसलास?"

"पाच."

"आन सहावी?"

"राहिली."

तिनं फडकं तिथंच गटारात टाकलं. दुसऱ्या दिवशी ती वखारीत गेली नाही. नंतर कधीच गेली नाही.

पोलिसांत गेलो. हात गळ्यात बांधलेला. लिहून घेणाऱ्यानं पेनचं टोपण काढलं, सगळं ऐकलं, टोपण परत लावलं. म्हणाला, "खुर्चीवरून पडलास असं लिहू काय?"

"पडलो न्हाई. बसलो," मी म्हणालो.

त्यानं काही लिहिलं नाही.

मालकानं काचेच्या खोलीला कुलूप लावलं. म्हणाला, "गिऱ्हाईक मोठं हाय. चार दिस दिसू नगंस." ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

साखरपुडा? झाला की! थाटात. मेस्त्री पुढं कधीतरी भेटले तेव्हा त्यांनीच सांगितलं. मला खाली नेल्यावर धन्यानं पाचही खुर्च्या धुऊन घेतल्या. माझं रक्त बैठकीवरून खरवडून काढलं, वर पॉलिश फिरवलं. ज्या पायानं मला मारलं तो धुतला आणि मेस्त्रींकडून सहाव्या खुर्चीला ठोकून घेतला. सोयऱ्यांना कोण सांगणार? त्यांच्या ढुंगणाला काही कळलं नाही. मी ज्या बाटवल्या, त्याच खुर्च्यांवर बसून सगळ्यांनी पेढे खाल्ले. सांगताना मेस्त्री रडले. "पोटासाठी ठोकला रं," म्हणाले. मी त्यांना चहा पाजला. माफ मात्र केलं नाही.

पुढं पिरनवाडीच्या रस्त्याला मी माझं दुकान टाकलं. आता पडदा रंगीत आहे, रेघ चटकन उमटते. फुगे तेच, नंबर तेच. चार नंबर अजून मागचा डावा पाय. आई होती तोवर माझ्या दुकानातल्या प्रत्येक खुर्चीवर पहिली तीच बसायची. मांडी घालून. गिऱ्हाइकासमोर. ज्याला चाललं नाही तो गेला. मी हाक मारून परत बोलावलं नाही. खोकल्यानं तिचा जीव घेतला. तंबाखूच्या धुळीचा खोकला. शेवटपर्यंत खुर्चीवर बसली की विचारायची, "सहावीचं काय झालं रं?"

गेल्या आठवड्यात दुकानासमोर मोटार थांबली. टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस उतरला. मी बघताक्षणी ओळखलं. त्यानं ओळखलं नाही. मारणाऱ्याला चेहरे लक्षात ठेवायची गरज नसते.

"तुमचं नाव लई ऐकलंय," म्हणाला. "निपाणीस्नं आलोय. आमच्या वडलांच्या येळच्या सहा खुर्च्या हायत, सागवानी. पाच टकाटक. एक डुगडुगती. कुणाला जमंना झालंय. मागल्या पायाला आतनं चीर हाय म्हणत्यात."

तेव्हा मला त्या आवाजाचा अर्थ लागला. कट्. कोपर आणि पाय. दोघं बरोबर मोडलो होतो.

"डावा पाय का?" मी विचारलं.

"व्हय! बगितल्यागत सांगताय की!"

"येतो," म्हणालो. "मंगळवारी."

पाय नवा करून ठेवलाय. जुनं ड्रॉइंग माझ्या डोक्यात आहे, कागद लागला नाही. तोच कल, तेच माप. फक्त लाकूड जास्त जड निवडलंय. तो पाय मी पिशवीत घालणार नाही. हातात धरून जिना चढणार. चपला पायातच असतील. खुर्ची कुठं डुगडुगते ते बसल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी बसणार. त्याच्यासमोर, त्याच्या बायकापोरांसमोर. मग सांगणार कुणाचा मी. आईचं नाव घेऊन, मोठ्यानं.

मग तो "ऊठ" म्हणाला, तर चार नंबर या खेपेला माझ्या हातात आहे.

मी उठणार नाही.