गाळलेला कंस

सातपूरच्या एका छापखान्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रुफं तपासायचे. कंपन्यांचे वार्षिक अहवाल तिथे छापले जात. नव्वदच्या दशकात कंपनीचा नफातोटा भागधारकांना कळायचा तो त्या गुळगुळीत पुस्तकातूनच. आकड्यांची पानं अण्णा रविवारी घरी आणत. मी कंपनीची मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि ते ऐकत ऐकत प्रुफावर पेन्सिल फिरवायचे.

तोट्याचा आकडा कंसात छापतात. अण्णांनी त्याचं नाव ठेवलं होतं कंसमामा. "कंसमामा, बारा लाख चाळीस हजार," असं मी वाचलं की "आला मेला!" म्हणत ते खूण करायचे. लहानपणी मला याची भारी गंमत वाटे. कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली.

एका रविवारी मैत्रीण लूना घेऊन दारात येऊन थांबली. आम्हाला सोमेश्वरला जायचं होतं. तिच्यासमोर कंसमामा म्हणायला माझी जीभ रेटेना. नुसताच आकडा वाचला, पुढची पानं कशीबशी उरकली आणि पळाले. नेमका तिथलाच कंस छापखान्यात जुळणी करताना गळला होता. तोटा नफा म्हणून छापला गेला आणि घरोघरी पोचला.

मालकांनी अण्णांना बोलावलं. जाण्याआधी चपला घालता घालता त्यांनी मला विचारलं, "तू कंसमामा म्हणाली होतीस ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग माझेच डोळे गेले."

मालकांनाही त्यांनी तेच सांगितलं. नोकरी गेली. पुढे कित्येक वर्षं रोज एसटीनं त्र्यंबकेश्वरला जाऊन ते एका धर्मशाळेत पावत्या फाडत. कुणी अर्ज वाचून दाखवा म्हणालं तर, "आता मला दिसत नाही नीट," म्हणून परत पाठवत. घरी पेपरसुद्धा माझ्याकडून वाचून घेत. आणि मी वाचायची! इतकी भेकड होते मी.

दोन हजारनंतर मी एका सीएच्या ऑफिसात लागले. कंपन्यांनी आपले आकडे संगणकावर, कुणालाही उघडून पडताळता येतील अशा स्वरूपात जाहीर केलेच पाहिजेत, असा नियम येऊ घातला होता. त्याचं शिक्षण आम्हाला दिलं. शिकवणाऱ्या बाईंनी मुद्दाम एका तोट्याचं उणे चिन्ह काढून टाकलं. बेरीज जुळेना, रकाना लाल झाला. बाकीचे कौतुकानं माना डोलवत होते. मला मात्र रडू आवरेना.

घरी येऊन अण्णांना तो नियम सांगितला, लाल रकाना सांगितला.

"मग शेजारी बसून वाचायला कुणी लागत नाही?"

"नाही." आणि तसंच पुढे मी म्हणाले, "अण्णा, तेव्हा मी कंसमामा म्हणालेच नव्हते. खोटं बोलले."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे डोळे माझे चांगले होते," ते म्हणाले.