उरलेलं काम

बदलापूरला आमच्या बिल्डिंगखाली एकाने जीन्स अल्टर करायचं दुकान टाकलंय. काल तिथून जाताना शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला आणि मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या आमच्या खोलीत जाऊन पोचले.

तिथे आई-बाबांच्या मशिनी शेजारी शेजारी होत्या. दोघं घरीच जीन्स शिवायचे. बाबांचं तेरावं नुकतंच झालं होतं. त्यांच्या मशीनवर अर्धवट शिवलेल्या पँटींचा गठ्ठा तसाच पडला होता. सकाळी शेठ दारातूनच विचारून गेला होता, "भाभी, माल कब तक मिलेगा?"

आई शिवत होती आणि तिला ऐकू जावं म्हणून मी गणित मोठ्याने वाचत होते. अ एक काम सहा दिवसांत करतो, ब बारा दिवसांत. दोघांनी दोन दिवस मिळून काम केल्यावर अ निघून गेला. उरलेलं काम ब किती दिवसांत करील?

"अ कुठे गेला?" आईने विचारलं.

"ते दिलेलं नाही गं."

मग मी तिला एकेक पायरी सांगितली. एक छेद सहा अधिक एक छेद बारा, म्हणजे रोज पाव काम. दोन दिवसांत अर्धं. राहिलेलं अर्धं ब एकटा सहा दिवसांत करील.

आईची मशीन थांबली.

"ब-ला घरचं काही बघायचं नसेल," ती म्हणाली आणि बाबांच्या मशीनवरचा गठ्ठा तिने आपल्याकडे ओढला.

तेव्हा मला वाटलं, आईला गणित कळलंच नाही. मी उत्तराखाली रेघ मारली आणि पुढचं वाचायला घेतलं. ते नळ आणि टाकीचं होतं.