बहिणीची गोळी मीच बंद केली

आज सकाळी तोंडवलीहून धाकट्या बहिणीचा, वैशालीचा, फोन आला. "ताई, डोकां फुटता गो. डोळ्यांसमोर ठिपके दिसतत."

तिला सातवा महिना आहे. पहिल्या खेपेला बीपी चढलं होतं, म्हणून यावेळी डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यापासूनच कमी डोसची ॲस्पिरिन दिली होती. बाबांना हार्टसाठी तीच गोळी आहे. म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच तिला म्हटलं होतं, "रक्त पातळ करणारी गोळी आता कित्याक? बंद कर."

कुडाळच्या हॉस्पिटलात नेलं, तर बीपी एकशे सत्तर.

"गोळीने धोका कमी झाला असता. कुणी बंद केली?" डॉक्टरांनी विचारलं. वैशालीने माझं नाव घेतलं नाही.

बीपी उतरत नाही, म्हणून बाळ आताच काढावं लागतंय. मी बाहेर बसलेय. तुमच्या घरात कुणी अशी गोळी परस्पर थांबवली आहे का?