मास्तरांची निळी लोकर

बदनापूरचे स्टेशन मास्तर गाडीला हिरवा झेंडा दाखवायचे तेव्हा त्यांच्या डाव्या काखेत विणकामाच्या सुया आणि त्यांना लोंबणारा अर्धा मोजा असायचा. गार्ड झेंड्याकडे बघायचा, उतारू मोज्याकडे. आमच्या भागात तोवर विणणारा पुरुष कुणी पाहिलेला नव्हता. बायकांतही जालन्याच्या मिशन शाळेत गेलेल्या दोन-चारच विणायच्या. नवखा माणूस पहिल्यांदा हसायचा. मग थंडीच्या दिवसांत फलाटावर दोन तास कुडकुडत बसायची वेळ आली की तोच माणूस त्या मोज्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागायचा.

गाडीची वेळसुद्धा ते विणकामातच सांगायचे. "मास्तर, गाडी कधी?" असं विचारलं की मान वर न करता म्हणायचे, "येऊन राह्यली. अर्धा मोजा लेट आहे." टाच वळून पंजा सुरू झाला की खरंच लांबून धूर दिसायचा. लोक तेवढ्या हिशोबानं विडी पेटवायचे.

मी तेव्हा शेतकी फार्मवर कारकून होतो. पोलीस अॅक्शनला चार-पाच वर्षं झाली होती, माझ्या लग्नाला एक. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, वडीगोद्रीला गेलेली. संध्याकाळी फार्म सुटला की खोलीवर जाऊन स्वतःच्या हातची भाकरी खाण्यापेक्षा मी स्टेशनवर जाऊन बसायचो. मास्तर पन्नाशीच्या पुढचे, क्वार्टरात एकटेच. त्यांची बायको वारलेली आहे एवढंच मला ठाऊक होतं. विणायला कुणी शिकवलं असं एकदा विचारलं, तर "घरच्यांनी" म्हणाले आणि टाके मोजायला लागले. टाके मोजणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही, ही सोय मास्तरांनी फार ठिकाणी वापरली.

विणलेलं ते कधी विकायचे नाहीत, द्यायचे. माप घ्यायची पद्धत नव्हती. तिकीट देताना खिडकीतून एकदा बघायचे आणि महिन्याभरानं माणसाच्या हातात बंडी यायची, ती बराबर बसायची. रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समन चाचांना कानटोपी, फलाटावर पाणी भरणाऱ्या मावशीला बिनबाह्यांचा स्वेटर, गावात कुणाला लेकरू झालं की अंगडं. पण या देण्याला एक अट होती. अंगाला होईनासं झालं की परत आणून द्यायचं. मास्तर म्हणायचे, "लोकर माणसाची नसते, अंगाची असते. अंग बदललं की वापस करा." परत आलेलं ते उसवायचे, लोकरीची लड करून कोमट पाण्यात भिजवायचे आणि खाली पाण्याचा लोटा बांधून दोरीवर टांगायचे. उसवलेल्या लोकरीत मागच्या टाक्यांची वळणं राहतात. ती अशी ताणून सरळ केली नाहीत तर नवं काम खडबडीत होतं.

गावातले एक मारवाडी शेठ दोन वर्षांत पोटानं असे सुटले की मास्तरांची बंडी त्यांच्या बेंबीच्या वरच राहायला लागली. तरी देईनात. शेवटी मास्तरांनी भर फलाटावर त्यांना अडवलं. "शेठजी, बंडी काढा."

"मास्तरजी, अजून चालते ना."

"तुम्हाला चालते. तिला चालून न्हाई राह्यली."

त्या बंडीत दोन टोप्या आणि एक अंगडं झालं. टोप्या घालून फिरणारी माणसं दिसली की शेठ त्यांच्याकडे थोडं मालकीच्या नजरेनं बघायचे.

मलाही विणायची हौस आली. मास्तरांनी तीस टाके घालून दिले आणि मफलर सुरू करून दिला. चार दिवसांनी वीतभर मफलर घेऊन गेलो, तेव्हा त्यात सत्तेचाळीस टाके होते. सतरा कुठून आले ते मला आजही माहीत नाही. मास्तरांनी तो त्रिकोण उजेडात धरला आणि म्हणाले, "वाढ चांगली आहे. फार्मावरचं पीक असं आणा." मग मला विणायचं सोडून उसवायला बसवलं. त्यात माझा हात फार जल्दी चालायचा. मला त्याचा अभिमानही वाटायला लागला, आणि इथेच घात झाला.

वडीगोद्रीहून निरोप आला की दिवस भरत आलेत. मास्तरांनी मला तिकीट खिडकीतून खालीवर पाहिलं. मी म्हटलं, "माझं काय माप घेता, लेकराचं घ्या." ते म्हणाले, "तुमच्यावरून अंदाज घेऊन राह्यलो. डोकं मोठं असणार." मग म्हणाले, "कॉटखालच्या ट्रंकेत तळाशी माझा जुना निळा स्वेटर आहे. तेवढा उसवून ठेवा. मी गाडी काढून येतो."

मी क्वार्टरात गेलो, ट्रंक ओढली. वरच पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं एक निळं विणकाम होतं. मोठ्या माणसाच्या स्वेटरची पाठ, काखेपर्यंत आलेली, सुया अजून टाक्यांतच. तळाशी तो जुना स्वेटरही होता. मास्तर 'तळाशी' म्हणाले होते हे मला चांगलं ऐकू आलं होतं. पण मी हुशार माणूस. अख्खा स्वेटर उसवायचा म्हणजे आधी बाह्या सोडवा, गळा सोडवा. हे अर्धवट तर एका टोकाला धरून ओढलं की झालं. शिवाय मास्तरांचा चांगला धड स्वेटर वाचेल. मी सुया काढून कोनाड्यात ठेवल्या आणि ओढायला लागलो. अर्ध्या तासात छान गोल गुंडा झाला. तो मी कॉटवर मधोमध ठेवला आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

मास्तर आले. दारातच थांबले.

"हे काय?"

"उसवून ठेवलं. अर्धवटच होतं, म्हणून जल्दी झालं. तुमचा स्वेटर वाचला."

त्यांनी गुंड्याला हात लावला नाही. "सुया?"

मी कोनाडा दाखवला. त्यांनी दोन्ही सुया घेतल्या, कोटाच्या बाहीला पुसल्या. मग विचारलं, "सुईवर टाके किती होते?"

"मोजले न्हाईत."

"अंदाजे?"

मला वाटलं माझी परीक्षा चाललीय. म्हटलं, "जेवढे घातले तेवढेच असतील. माझ्यासारखी वाढ नव्हती." आणि स्वतःच्या विनोदावर मीच हसलो.

मास्तरांनी स्टोव्ह पेटवला आणि दोन कप चहा केला. त्यात साखर नव्हती. त्यांनी तो पूर्ण प्यायला, म्हणून मीही प्यायलो. गंमत करतायत असं समजून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला स्टेशनवरच्या दिव्यांच्या खोलीमागे बोलावलं. "बाबूजी, वो नीला काम तुम खोल दिए?"

"हो. का?"

"वो बाईसाहब का था. मास्तर के वास्ते बुन रही थीं. दवाखाने जाते वखत वैसाच रख के गईं. वापस नहीं आईं. बारा साल हो गए, मास्तर उसका एक टाका नहीं हिलाए."

मी रागावलो, कारण दुसरं काही सुचेना. "मला कुणी सांगितलं का न्हाई?"

"तुमकू खोलने कौन बोला था?"

"मास्तरच बोलले."

"वो नीचे का बोले थे," चाचा म्हणाले. म्हणजे मास्तरांनी त्यांना तेवढं सांगितलं होतं.

मी मास्तरांकडे गेलो. माफी मागायची म्हणून पाठ केलेली वाक्यं होती. ती सुरू करायच्या आधी मास्तरच म्हणाले, "वर काय आहे ते मी सांगायला पाहिजे होतं." त्यांनी रागवावं म्हणून मी बराच वेळ उभा राहिलो. ते रागावले नाहीत. निदान काही काम तरी करावं म्हणून म्हटलं, "लोकर द्या, मी धुवून टांगतो."

"ती धुवायची न्हाई," ते म्हणाले. एवढं एकच वाक्य त्या दिवशी ते जोरात बोलले.

पुढच्या रविवारी मी जालन्याला गेलो. मिशनच्या शाळेत पूर्वी विणकाम शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई तिथे राहायच्या. मास्तरांच्या बायकोला त्यांनीच शिकवलं असेल, तर तसंच विणूनही देतील, असा माझा बेत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "नमुना कोणता होता?"

"निळा."

"निळा हा रंग झाला. नमुना? जाळीचा, दोरीचा, साधा?"

मी हवेत बोटानं ओळी काढल्या. "सुई किती नंबरची?" मी दोन बोटांत जाडी दाखवली. "त्यांचा हात कसा होता, घट्ट की सैल? माझा घट्ट आहे. मी विणलं तर ते माझं होईल." अर्धा तास ते विणकाम माझ्या मांडीवर होतं. एकेक ओळ मी बोटांनी सोडवली होती. आणि ते कसं होतं हे मला सांगता येईना. बाईंनी मला पाणी दिलं. मी परतीच्या गाडीनं बदनापूरला उतरलो, तेव्हा मास्तर झेंडा घेऊन उभे होते. काखेत निळं विणकाम होतं, चिमुकलं.

मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बायको आली त्या दिवशी मास्तर स्वतः खोलीवर आले आणि अंगडं देऊन गेले. बायकोनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"किती नाव ऐकलं होतं मास्तरांचं. हे तर कुण्या शिकाऊ पोरीनं केल्यावानी दिसतंय. सगळं खडबडीत."

"लोकर जुनी आहे."

"मंग धुवून घ्यायची. तुम्हीच सांगत होतात ना, ते लोटा बांधून टांगतात म्हणून?"

"राहिलं असेल त्यांच्याकडून," मी म्हणालो. बायकोच्या हातातल्या त्या अंगड्यावर बारीक बारीक उंचवटे होते. बाईसाहेबांनी घातलेली वळणं मास्तरांनी जाऊ दिली नव्हती, त्यांच्यावरूनच विणलं होतं. मला ते अंगडं मुलीला घालवेना आणि घालू नको असं म्हणायला तोंड नव्हतं.

मुलगी अंगानं भरायला लागली तशी माझी झोप गेली. लेक चांगली पोसतेय म्हणून घाबरलेला बाप बदनापुरात मी एकटाच असेन. दूध थोडं कमी दे, असं मी बायकोला म्हणालो नाही, पण ओठापर्यंत आलं होतं. अंगडं लहान झालं की परत करायचं, आणि परत गेलं की मास्तर ते उसवणार. मी मुलीला ते घालून स्टेशनवर नेणंच बंद केलं. दीड वर्षाची झाली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत बाहेर आले, तरी बायकोला म्हणायचो, "अजून येतंय की." शेठजींच्या बंडीला हसलेला मी.

त्या थंडीत मास्तर रिटायर झाले. परभणीला पुतण्याकडे जाणार होते. निरोपाला गाव लोटलं, आणि जो तो मास्तरांनी दिलेलं अंगात घालून आला होता. मी अंगडं कागदात गुंडाळून नेलं. मास्तर आपल्या ट्रंकेवर बसले होते. मी पुडकं पुढं केलं.

"मास्तर, अंग बदललं."

त्यांनी कागद सोडला. अंगठ्यानं उंचवट्यांवरून हात फिरवला. मी म्हणालो, "अट मान्य आहे. पण तेवढं उसवू नका. तसंच ठेवा."

"तसंच ठेवून काय करू? बारा वर्षं ठेवलं होतंच की." त्यांनी खिशातून चाकू काढला, बाह्यांची शिवण सोडवली आणि धाग्याचं टोक काढून अंगडं माझ्या हातात दिलं. "घ्या. हे काम तुम्हाला चांगलं येतं."

दीड वर्षात त्या गोष्टीचा त्यांनी केलेला हा एकच उल्लेख. मी त्यांच्या शेजारी ट्रंकेवर बसलो. मी उसवत होतो, ते गुंडाळत होते. लोक येऊन पाया पडत होते आणि त्यांना थांबता येत नव्हतं म्हणून ते मानेनंच आशीर्वाद देत होते. या वेळी मी प्रत्येक ओळ बघितली. नमुना साधा सुलट-उलट टाक्यांचा होता. मधे मधे धागा अडकल्याचं नाटक करून मी थांबायचो. इतका सावकाश चाललो की जवळ उभे असलेले चाचा म्हणाले, "उस दिन तो बहोत जल्दी किए थे."

पाठ संपली, पुढचे दोन्ही भाग संपले, एक बाही संपली. दुसरी निम्मी झाली आणि गाडी लागली. नव्या मास्तरांनी ट्रंक चढवायला माणूस बोलावला. मी घाईनं ओढायला गेलो तर धागा खरोखरच अडकला. मी म्हणालो, "एक मिनिट, मास्तर, एकच मिनिट."

"असू द्या," ते म्हणाले. धागा दातांनी तोडला, गुंडा कोटाच्या खिशात टाकला आणि डब्यात चढले. खिडकीतून त्यांनी मुलीची चौकशी केली. मी चांगली आहे म्हणालो.

परभणीला मी दोन पत्रं टाकली. दुसऱ्याला पुतण्याचं उत्तर आलं, ते तेराव्यानंतरचं होतं. त्यात लोकरीचं काही नव्हतं, आणि अशा वेळी पुतण्याला लोकरीचं विचारावं तरी कसं.

ती निम्मी बाही माझ्याकडे राहिली, पेटीत ठेवली आहे. माझ्या तळहातापेक्षा थोडी लहान आहे. जिथून मास्तरांनी धागा तोडला तिथं तोंड सुटंच राहिलं होतं, त्यामुळे पेटी उघडझाक केली तरी एखादा टाका आपोआप सुटायचा. मला विणता येत नाही. शेवटी मी तिथं एक गाठ मारली. ती फार जाड झाली आहे.